टेक्सासात सातबारा नसतो

मागच्या वर्षी आम्ही ब्रूस्टर काउंटीत, मॅरेथॉन गावाच्या दक्षिणेला 20 एकर माळरान घेतलं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा. ब्रूस्टर पुणे जिल्ह्यापेक्षा थोडी मोठीच आहे, आणि 2020 च्या जनगणनेत तिथे माणसं होती 9,546.

बाबांनी फोनवर पहिलंच विचारलं, "सातबारा बघितलास का?" इथे सातबारा नसतो, तलाठी नाही, फेरफार नाही. काउंटी क्लार्क खरेदीखत नोंदवून त्याची नक्कल जपतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, हे तो तपासत नाही. ते काम टायटल कंपनी पैसे घेऊन करते, विमाही देते. आमच्या विक्रेत्याला मात्र तिच्याशिवाय सौदा उरकायचा होता. ती घाईच मला खटकली आणि मी सुट्टी टाकून काउंटीचं मुख्य ठिकाण असलेल्या अल्पाइनचं कोर्टहाउस गाठलं.

इमारत 1880 च्या दशकातली, विटांची. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सल्ला देता येत नाही, पण शोधायचं कसं ते दाखवते." दोन सूची असतात, एक देणाऱ्याच्या नावाची, एक घेणाऱ्याची. विक्रेत्याचं नाव घेणाऱ्यांत शोधायचं, त्याला कुणी विकलं ते पाहायचं, मग त्या माणसाचं नाव पुन्हा घेणाऱ्यांत. असं मागे मागे. जुनी खतं दोन्ही हातांनी ओढून काढाव्या लागणाऱ्या वह्यांत होती. एका पानावर 'बुकेल काउंटी' वाचून माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी समजावलं, 1887 मध्ये ती काउंटी कागदावर झाली आणि 1897 मध्ये ब्रूस्टरमध्ये विलीन झाली.

मालकीची साखळी जुळली. अडलं रस्त्यापाशी. सार्वजनिक रस्ता आणि आमची जमीन यांच्यामध्ये शेजाऱ्याची पट्टी होती आणि एकाही खतात तिच्यावरून जाण्याचा हक्क लिहिलेला नव्हता. "सगळे तिथूनच जातात," विक्रेता म्हणाला. आपल्याकडे महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. इथे मी कमिशनर्स कोर्टाकडे चौकशी केली. नावात कोर्ट असलं तरी हे काउंटीचं कारभारी मंडळ, एक काउंटी जज आणि चार कमिशनर. उत्तर सरळ मिळालं: काउंटी फक्त स्वतःचे रस्ते सांभाळते, खासगी वाटेचं तुम्ही आपसात बघा.

मग मी शेजाऱ्यांना पत्र लिहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या रँचवर गेलो. म्हाताऱ्या बाईंनी नकाशा टेबलावर पसरला, पट्टीची रुंदी स्वतः पेन्सिलीने आखली आणि नोटरीपुढे सही द्यायला तयार झाल्या. तो हक्क लिहून मिळेपर्यंत विक्रेत्याला एक डॉलरही दिला नाही, आणि हेच मी कुणालाही कळकळीने सांगेन. रस्त्याचा दस्त आधी नोंदवला, खरेदीखत त्यानंतर. करासाठी जमिनीचं मूल्य वेगळं कार्यालय ठरवतं, अप्रेझल डिस्ट्रिक्ट. कर भरायची मुदत 31 जानेवारी.

शिक्का मारलेल्या खताचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी मोठा करून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "रस्त्याचा दस्त कुठंय? तोही पाठव."