आहे तसा फोटो

कोल्हापूर, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

तुळशीचे लग्न लागून आठवडाही झालेला नाही, तोच स्थळाच्या फोटोंसाठी दुकानात माणसे येऊ लागली आहेत. आज दुपारी कागलकडच्या एका गावातून एक आई आणि तिची मुलगी आल्या. मुलगी पदवीधर, अंगाने सडपातळ, रंगाने सावळी. मी नेहमीप्रमाणे पाठीमागचा पडदा कोणता हवा ते विचारले, तेव्हा पडद्याचे राहू द्या असे म्हणून आईने मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले, "दादा, ह्या वेळेला आहे तसा काढा. गोरं-बिरं काही करू नका."

पस्तीस वर्षे मी हा धंदा करतो आहे. "जरा उजळ येऊ दे" हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल त्याचा हिशेब नाही, पण त्याच्या उलट मागणी आज पहिल्यांदा ऐकली. कारण विचारल्यावर कळले ते असे. गेल्या वैशाखात एक स्थळ आले होते. मुलाकडच्यांनी मुलीचे इन्स्टाग्रामवरचे फोटो आधीच पाहून पसंती कळवली होती. प्रत्यक्ष कांदेपोहे झाले आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की, फोटोतली मुलगी वेगळी होती, आम्हाला फसवले. ते सांगताना आईचा आवाज चढला. "पोरीनं काय चोरी केली व्हय? मोबाइलच तसा काढतोय."

त्यांचे म्हणणे खरे आहे. हल्लीच्या पुष्कळशा मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय विकत घेतानाच चालू असते आणि ती बंद कुठे करायची हे घरात कोणाला ठाऊक नसते. शिवाय २०१५ मध्ये स्नॅपचॅटने चेहऱ्याचे रूप बदलणारी गंमत आणली, तिच्यापासून सुरू झालेला खेळ नाक बारीक, हनुवटी निमुळती, डोळे मोठे आणि कातडी उजळ इथवर येऊन पोहोचला आहे. पंचविशीच्या आतल्या मुलींनी स्वतःचा चेहरा आरशापेक्षा या काचेतच अधिक वेळा पाहिलेला असतो. ही मुलगी मला म्हणाली, "काका, मलाच कळत नाही मी नक्की कशी दिसते." ती हे हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो.

पण मोबाइलला दोष देऊन मला सुटता येणार नाही. आमच्या घरात हा उद्योग मोबाइलच्या आधी दोन पिढ्या चालत आला आहे. आबांचे रिटचिंगचे, म्हणजे काढलेला फोटो हाताने सुधारण्याचे, टेबल अजून माळ्यावर आहे. तिरकी लाकडी चौकट, मध्ये निगेटिव्ह ठेवायला काच आणि खाली प्रकाश वर फेकणारा आरसा. टोक सुईसारखे लांब केलेल्या कडक शिशाच्या पेन्सिलीने आबा निगेटिव्हवरच्या चेहऱ्यावर बारीक ठिपके आणि स्वल्पविरामासारख्या रेघा मारत बसायचे. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे कागदावर पांढरे उमटते. म्हणजे मुलगी गोरी करायची तर निगेटिव्हमध्ये तिला आणखी काळी करावी लागे. लहानपणी मला ते जादूसारखे वाटायचे.

आबांच्या हातात संयम होता, माझ्या हातात तो नव्हता. संगणक आल्यावर जे काम त्यांना तासभर लागे ते मी दोन मिनिटांत करू लागलो आणि त्याचे वेगळे पैसेही घेऊ लागलो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका मुलीचे फोटो मी इतके उजळले की, पाकीट न्यायला आलेल्या तिच्या वडिलांनी आतला फोटो पाहिला आणि "हे आमचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी दिलंय" म्हणून ते परत केले. हा किस्सा मी आजवर मित्रांना विनोद म्हणून सांगत आलो. आज त्या मायलेकींसमोर तो आठवला, पण सांगवला नाही.

मराठी बायोडाटातला वर्णाचा रकाना हा खरे तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. गोरा, उजळ, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा. काळा हा शब्द तिथे मी कधी वाचला नाही. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम १९७५ मध्ये बाजारात आले, पुरुषांसाठीचे 'फेअर अँड हँडसम' २००५ मध्ये आले आणि त्याची जाहिरात शाहरुख खानने केली. काळ्या रंगाची माणसे दुःखी किंवा अपयशी दाखवू नका असा नियम जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या परिषदेला २०१४ मध्ये लेखी करावा लागला, यावरूनच तोवर काय चालले होते ते कळते. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर वर्णभेदाविरुद्ध जगभर गदारोळ उठला, तेव्हा 'फेअर'चे 'ग्लो' झाले आणि 'शादी डॉट कॉम'ने रंगानुसार मुली-मुले निवडण्याची सोय काढून टाकली. मला त्या वेळी आनंद झाला होता. पण संकेतस्थळावरून गेलेला रकाना आमच्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या बायोडाटात अजून जसाच्या तसा आहे, आणि 'ग्लो' म्हणजे काय हे ना विकणाऱ्याला सांगावे लागते, ना घेणाऱ्याला.

मुलगी तयार होत असताना आमच्या दुकानातला पोरगा मोबाइलवर कुठल्याशा अभिनेत्रीच्या फोटोखालच्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवत होता. तिने ओठांवर काहीतरी करून घेतले आहे असा लोकांचा संशय होता आणि 'प्लास्टिक' हा त्यातला सर्वांत सभ्य शब्द होता. मी त्याला गप्प केले, पण मनात विचार चालू राहिला. हरनाज संधू ही २०२१ ची मिस युनिव्हर्स. पुढच्याच वर्षी तिचे वजन वाढलेले दिसले, तेव्हा याच मंडळींनी तिची टर उडवली आणि आपल्याला ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे हे तिला जाहीरपणे सांगावे लागले. आधी बारीक म्हणून बोलणी खाल्ली, मग जाड म्हणून, असे तीच म्हणाली होती. ऐश्वर्या रायला तर बाळंतपणानंतरच्या अंगावरून २०१२ मध्ये ऐकून घ्यावे लागले, आणि बोलणाऱ्यांत बाळंतपणे काढलेल्या बायकाही होत्या. जशी आहे तशी दिसली तर सुटली म्हणायचे, सुधारून दिसली तर खोटी म्हणायचे. कागलच्या त्या मध्यस्थाने याहून वेगळे काय केले? सावळा फोटो आला असता तर त्याने तो पाकिटातून बाहेरच काढला नसता, आणि उजळ आला म्हणून फसवणूक झाली. दोन्हीकडे आरोपी एकच, आणि फोटो मागणारा मात्र दोन्ही वेळा फिर्यादी.

हे सगळे इंटरनेटने आणले असे म्हणायला मी तयार नाही, निदान कोल्हापुरात बसून तरी नाही. इथल्या बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्याआधी सात वर्षे फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाला व्हावे लागले होते. पेंटरांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना उभे केले. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी बदलली गेली. समाजाने दूर लोटल्यामुळे त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला असे सांगतात. तेव्हा प्रतिक्रिया लिहायला जागा नव्हती, तोंडे होती. मी खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याच्या स्तंभाकडे पाहतो तेव्हा मला पेंटरांच्या आधी या दोघी आठवतात. फरक पडला तो एवढाच की, आता कोणाचाही चेहरा उचलून कोणाच्याही अंगावर बसवता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच एका बाईच्या चित्रफितीवर चढवून ती देशभर फिरवली गेली. त्या वेळी मला प्रथम काय वाटले ते प्रामाणिकपणे लिहितो: काम सफाईने केले आहे असे वाटले. कारागिराचा डोळा किती निर्लज्ज असतो ते त्या दिवशी कळले.

मुलीच्या पर्समधून पावडर काढताना एक बिनलेबलची पांढरी डबी बाहेर पडली. गावातल्या पार्लरवालीने दिलेले क्रीम, पंधरा दिवसांत फरक पडतो म्हणे. मी तिला सांगितले की, केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांची चौकशी केली, तेव्हा त्यांतले बरेच जण असलीच गोरे करणारी क्रीमे लावत होते आणि त्यांत पारा सापडला. आई घाबरली. मुलीने डबी शांतपणे परत पर्समध्ये टाकली. ती फेकून देईल की नाही, मला सांगता येणार नाही.

मग फोटो काढायला बसलो आणि माझी पंचाईत सुरू झाली. आहे तसा म्हणजे कसा? माझे दिवे वर्षानुवर्षे एकाच जागी आहेत, एक समोरून जरा वर आणि दुसरा हनुवटीखाली पांढऱ्या पुठ्ठ्यावरून परतणारा, कारण त्यात खड्डे आणि सावल्या पुसल्या जाऊन चेहरा उजळ येतो. म्हणजे संगणकावर जाण्याआधीच मी दिव्यांनी रिटचिंग केलेले असते. कॅमेऱ्याचेही स्वतःचे मत असते. समोरचे जग साधारण अठरा टक्के प्रकाश परतवणाऱ्या करड्या रंगाचे आहे असे धरून तो हिशेब करतो. पांढरा शालू पुढे आला की चेहरा काळवंडतो, काळा पडदा मागे आला की चेहरा पांढरा पडतो. खणांतून शोधून तेवढ्याच करड्या रंगाचे, कॅमेऱ्याचा हिशेब जुळवायचे जुने कार्ड काढले, धूळ पुसली आणि मुलीच्या गालाशी धरायला लावले. खालचा पुठ्ठा काढला. एक दिवा बंद केला, दुसरा बाजूला सरकवला. पोरगा आश्चर्याने बघत होता, कारण त्याने ते कार्ड कधी पाहिलेच नव्हते.

सहा फोटो काढले. पडद्यावर पहिला उघडला तेव्हा माझे बोट सवयीने उजळपणाच्या पट्टीकडे गेले होते, ते मागे घेतले. मुलगी काही बोलली नाही. आई मात्र पुढे वाकून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर डिट्टो आमच्या आत्ती!" त्या आपल्या सासूला आत्ती म्हणतात. मग आत्ती कशा होत्या, ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे चारला उठून चाळीस माणसांच्या भाकरी कशा थापायच्या, गावात भांडण मिटवायला त्यांनाच कसे बोलवायचे, हे सगळे दुकानात उभ्याउभ्या ऐकायला मिळाले. मुलीने ते निम्मे तरी पहिल्यांदाच ऐकले असावे, कारण ती मध्ये मध्ये विचारत होती.

उद्यापासून अंबाबाईचा किरणोत्सव आहे. मावळतीचे ऊन महाद्वारातून थेट आत मूर्तीपर्यंत येते, म्हणून त्या आज बहिणीकडे मुक्काम करून उद्या देवळात जाणार आहेत. मूर्ती काळ्या पाषाणाची आणि कॅलेंडरांवर छापलेल्या लक्ष्म्या सगळ्या गोऱ्या, हे मला आजवर खटकले नव्हते.

जाता जाता आईने आठ प्रती सांगितल्या. दाराशी गेल्यावर परत आली आणि म्हणाली, "एक मोठी करा दादा, फ्रेमची. ती स्थळासाठी नको, घरात लावायला." पाकिटावर नाव लिहून ठेवले आहे. मंगळवारी न्यायला येणार आहेत.