सिरिंज भरली, पण परवानगी नाही

बायपासच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ एमआरआय स्कॅनसाठी आले. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी धमनी, जवळपास बंद. "आज माझा ब्लॉक दिसणार ना?" त्यांनी विचारलं. ब्लॉक अँजिओग्राफीत दिसलाच होता. हायपरपोलराइज्ड, म्हणजे एमआरआयमधला सिग्नल हजारो पटींनी वाढवलेल्या, औषधाने थेट धमन्या दाखवल्याचं काम स्वीडनचं, 2006 सालचं आणि तेही डुकरांवरचं. आम्हाला बघायचा होता त्या धमनीवर जगणारा स्नायू. आमचं औषध म्हणजे असंच हायपरपोलराइज्ड पायरुवेट, साखरेच्या विघटनातून पेशीत बनणारा पदार्थ. टोचलेल्या पायरुवेटमधल्या कार्बन-13चं, म्हणजे एमआरआयला दिसणाऱ्या जड कार्बनचं, बायकार्बोनेट झालं तर पेशीतले ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया अजून कामात आहेत. ब्लॉक किती टक्के हे सगळेच विचारतात, स्नायूचं कुणी विचारत नाही.

पायरुवेटमध्ये रॅडिकल, म्हणजे सिग्नल वाढवायला लागणारं पण टोचण्याआधी गाळून काढायचं रसायन, मिसळून ते उणे 272 अंशांच्या आसपास गोठवतात आणि चुंबकात मायक्रोवेव्हखाली दोन-तीन तास ठेवतात. मग दाबाखालचं उकळतं पाणी सोडून काही सेकंदांत विरघळवतात. सिग्नल 10,000 पटींहून जास्त वाढतो आणि त्या क्षणापासूनच ओसरायला लागतो. मिनिटभरात एक तृतीयांश उरतो. एवढ्यात गाळणं, सामू, तापमान, उरलेलं रॅडिकल, सगळं तपासून फार्मासिस्टने हो म्हणायचं आणि मी सिरिंज घेऊन पळायचं.

त्या दिवशी रॅडिकलचा आकडा मर्यादेबाहेर आला. "नाही," फार्मासिस्ट बाई म्हणाल्या. पुन्हा मोजायला वेळच नव्हता. आत ते गृहस्थ हात डोक्यावर घेऊन निश्चल पडलेले. मी काचेतून मान हलवली.

यंत्रात एका वेळी अनेक नमुने तयार होतात, पण खर्च वाचवायचा म्हणून दुसरा भरायला वरून मनाई होती. एका नमुन्याचे पैसे वाचवून पेशंटची एकमेव संधी घालवायची, हा हिशोब मला अजूनही मान्य नाही.

संध्याकाळी सिरिंजमधलं द्रावण सावकाश मोजलं. रॅडिकल मर्यादेत होतं. बहुधा पहिल्या मोजणीत क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत, बुडबुडा अडकला असावा.

बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. समोरच्या आकड्यावर शंका घेऊन माणसाच्या शिरेत औषध सोडणारा फार्मासिस्ट मला नको. तरीही डोस चांगला होता. दुसऱ्या दिवशी बायपास झाली. त्याआधी ती भिंत काय जाळून जगत होती, हे आता कधीच कळणार नाही, कारण रक्त पुन्हा सुरू झालं की चित्र बदलतं. आता मी प्रत्येक पेशंटसाठी दोन नमुन्यांची लेखी मागणी टाकतो. अजून मंजुरी नाही.