दुपारी दोन ते दिवेलागण

जूनचा दुसरा आठवडा. शाळा उघडायला चार दिवस होते. मी तुर्भ्यात एका गेटवेची, म्हणजे वीजमीटरचे निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचवणाऱ्या पेटीची, अँटेना बदलत होतो, तेवढ्यात साडेतीनला नियंत्रण कक्षातून फोन आला. वाशीतलं एक स्मार्ट मीटर तोडलेला वीजपुरवठा परत जोडण्याची दूरवरून पाठवलेली आज्ञा घेत नव्हतं. दीड तासात सहा वेळा पाठवून झाली होती, त्या घरच्या बाई सारख्या फोन करत होत्या.

सिडकोची जुनी तीन मजली इमारत. मीटरची लोखंडी पेटी जिन्याखाली. गळ्यात टेप अडकवलेल्या एक ताई पेटीपाशीच उभ्या होत्या. त्या घरी शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश अर्धवट शिवून पडले होते आणि मशीन मोटरवर चालणारं.

"दादा, बिल थकलं होतं, मान्य आहे. सकाळी अकराला लाइट गेली. दोन वाजून पाच मिनिटांनी पैसे भरले, हा बघा मेसेज. तोडायला एक मिनिट लागलं तुम्हाला. मग जोडायला दोन तास का?"

मी परवानगी घेतली, लॅपटॉपची ऑप्टिकल वायर मीटरला लावली आणि जागेवरूनच आज्ञा दिली. आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, टक् करून बसला. ताई वर पळाल्या, मिनिटभरात मशीनचा आवाज सुरू झाला. तक्रार बंद करून निघता आलं असतं. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नव्हतं, आणि माझ्याकडे ते नव्हतंही.

मोबाइलवर नेटवर्कचा नकाशा उघडला. पेटीतली बाराच्या बारा मीटर गप्प होती. शेजारच्या दोन इमारतीही.

आमच्या या भागातल्या मीटरमध्ये सिमकार्ड नाही. परवाना न लागणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती एकमेकांशी बोलतात. एकाचा निरोप दुसरं पुढे देतं, असं करत तो खांबावरच्या गेटवेपर्यंत जातो आणि तिथून मोबाइल नेटवर्कने सर्व्हरवर. एक वाट बंद झाली तर मीटरने आपणहून दुसरी शोधायची, हा या जाळ्याचा मोठा गुण. मग इथे दुसरी वाट का सापडली नाही?

उत्तर समोरच उभं होतं. दुसरा गेटवे पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर आहे. मी सर्व्हे केला तेव्हा इथून टाकी दिसायची आणि तिचा सिग्नल उणे ८४ डीबीएम मिळायचा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). आता मध्ये पुनर्विकासाची इमारत चौदाव्या स्लॅबपर्यंत आली होती. हातातलं यंत्र उणे १०९ दाखवत होतं. एवढ्या क्षीण सिग्नलमधून आमच्या मीटरला काही उलगडत नाही. या लहरींची लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. लाकडी दार त्या ओलांडतात, पण एकामागे एक इतक्या आरसीसीच्या भिंती आल्या की संपतात. जुन्या वाशीत गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे आमचा सर्व्हे वर्षभरातच शिळा होतो.

राहिला कोपऱ्यावरच्या खांबावरचा गेटवे. त्याच्या पेटीवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. शिडी आणि वायरमन मिळेपर्यंत पाच वाजले. पेटी उघडून मल्टिमीटर लावला. बॅटरी १०.४ व्होल्ट, म्हणजे रिकामी. येणाऱ्या वायरवर शून्य.

वायरमनकाका खालूनच म्हणाले, "साहेब, ही रस्त्यावरच्या बत्तीची फेज आहे. दिवसा मेलेलीच असते."

मी शिडीवर तसाच थांबलो. या खांबाचा सर्व्हे माझाच होता. दीड वर्षापूर्वीच्या नोव्हेंबरमधला, संध्याकाळी साडेसहाचा. दिवे लागलेले होते, टेस्टर पेटला आणि मी फॉर्मवर "पुरवठा उपलब्ध" लिहून सही केली होती. ती फेज चोवीस तास असते का, हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. नसला म्हणून काय झालं, मला तो प्रश्न पडायला हवा होता.

गेटवे दीड वर्ष चालला तो बॅटरीच्या जिवावर. १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरची बॅटरी आणि सुमारे ९ वॉटचा भार. कागदावर चोवीस तास निघतात. पण ही बॅटरी पुरवठा अधूनमधून गेला तर सांभाळून घेण्यासाठी असते. इथे ती रोज पहाटे उपाशी पडायची आणि रात्री भरायची, तीही उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीत. नवी होती तेव्हा मागचा जून तिने काढला. हिवाळ्यातही निभावलं, कारण आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा. जूनचा सव्वातेरा. दिवस लांबला, भरायची रात्र आखडली आणि दुपारी दोनच्या सुमारास तिचा दम संपू लागला.

खाली उतरून नियंत्रण कक्षातल्या सहकाऱ्याला या गेटवेच्या सूचनांची नोंद पाठवायला सांगितली. "मुख्य पुरवठा गेला" ही सूचना रोज येत होती. डिसेंबरअखेर सकाळी सातच्या पुढे, मार्चमध्ये पावणेसातच्या आसपास, जूनमध्ये सहाला. पिलरमधला, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांच्या पेटीतला, टायमर सूर्याच्या वेळा पाळणारा असल्याने नोंदीच्या त्या रकान्यात वर्षभराचे सूर्योदय एकाखाली एक मांडलेले होते. इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही आमच्यापैकी कुणी ते वाचलं नव्हतं. रोजच येते म्हणून ती सूचना पडद्यावर दिसणार नाही अशी कुणीतरी व्यवस्था केली होती.

आणि अहवाल? अहवाल हिरवागार. मीटर दर अर्ध्या तासाची नोंद स्वतःपाशी साठवतं. दुपारचं जाळं मेलं तरी दिवेलागणीला गेटवे जागा झाला की साठलेलं सगळं वर जायचं. दिवसाचा डेटा चोवीस तासांत पोहोचला पाहिजे, अशी आमची अट. ती रोज पुरी व्हायची. पण पुरवठा जोडण्याची आज्ञा साठवून ठेवण्याची गोष्ट नाही. ती दोन वाजून पाच मिनिटांनी पाठवली तर तेव्हाच पोहोचायला हवी. "आजचा डेटा आला का" आणि "हे मीटर या क्षणी ऐकतंय का" या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि आम्ही पहिलीच मोजत होतो. दूरवरून एखाद्याची वीज तोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने दुसरी आधी मोजली पाहिजे, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

मी तिथेच थांबलो. सात वाजून वीस मिनिटांनी रस्त्यावरचे दिवे लागले. पाठोपाठ गेटवेचा हिरवा दिवा. पाच-सात मिनिटांनी नकाशावर पेटीतली मीटर एकेक करून उगवू लागली. ताईंचं नववं आलं. नेमका तेव्हाच त्यांनी खिडकीतून आवाज दिला, "दादा, चहा घ्या." मग थांबून म्हणाल्या, "उद्या दुपारी दुसऱ्या कुणाची लाइट अशीच अडकली तर?"

"उद्या दहाच्या आत बॅटरी बदलतो," मी म्हणालो.

बदलली. चोवीस तासांची वेगळी फेज मिळायला आणखी नऊ दिवस लागले. तोवर त्या तीन इमारतींमधला पुरवठा दूरवरून तोडायचा नाही, हे साहेबांकडून मी लेखी घेतलं. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढले: फेज दुपारी तपासली का, आणि प्रत्येक पेटीला आज दोन गेटवे ऐकू येतात का. नंतरच्या आठवड्यात माझी सही असलेले सगळे खांब मी भर दुपारी टेस्टर घेऊन पालथे घातले. आणखी चार खांबांवर तीच बत्तीची फेज होती.