आरशावरचा पेपर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी त्वचारोगाचा दवाखाना चालवते. बाजाराच्या दिवशी बाहेर बाकावर बसायला जागा नसते. सप्टेंबरमधल्या अशाच एका दिवशी एक बाई मुलाला घेऊन आत आल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, अंगाने काटक, पोलीस भरतीची तयारी करणारा. डोळ्यांखालपर्यंत रुमाल बांधलेला.

“काढ बरं रुमाल,” म्हटल्यावर त्याने आधी दाराकडे बघितलं. दार लागलेलं आहे याची खात्री झाल्यावर गाठ सोडली. गालांवर, जबड्याच्या कडेने गाठीचे मुरूम. मधे मधे नखांनी फोडल्याच्या खपल्या. उरलेली कातडी लाल, पातळ, चकाकणारी. अशी कातडी दिसली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

“कुठली ट्यूब लावत होतास?”

मेडिकलमधून आणलेली, बीटामेथासोन या स्टिरॉइडची. स्टिरॉइडने चार दिवस लाली बसते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो. सोडली की सगळं जोरात उसळून येतं. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी त्या मिळतातच. याचा मला मनापासून संताप येतो.

चिठ्ठी लिहायला घेतली आणि आई म्हणाल्या, “मॅडम, एक सांगू का? घरातल्या आरशाला ह्यानं पेपर चिकटवलाय. ग्राउंडला जात नाही. जेवणाचं ताट खोलीत मागतो.”

मी पेन खाली ठेवलं. आईंना म्हटलं, “ताई, जरा पाच मिनिटं बाहेर बसता का?”

तो सुरुवातीला काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मी जूनमध्ये आलो होतो तुमच्याकडं.” मी जुना केसपेपर शोधला. माझंच अक्षर. दोन ओळी, एक जेल, एक गोळी, चार आठवड्यांनी दाखवणे. “मग परत का नाही आलास?”

“तुम्ही म्हणालात, या वयात होतंच.”

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, धीर देण्यासाठी. त्याच्या कानांवर ते ‘यात विशेष काही नाही, उगाच रडू नकोस’ असं पडलं होतं. ग्राउंडवरची पोरं त्याला एका घाण नावाने हाक मारत होती, ते नाव त्याने मला सांगितलं. मी इथे लिहिणार नाही.

झोप कशी आहे, विचारलं. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं का, विचारलं. आणि मग सरळ विचारलं, “जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, अशी भीती खूप जणांना वाटते. तसं होत नाही. उलट खांदे उतरतात, हे मी समोर बघितलं.

“येतं. रोज नाही.”

“काही ठरवलंयस का?”

“नाही.”

मुरूम मोजून त्रासाची खोली कळत नाही. ब्रिटनमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुरमांचं निदान झाल्यावर पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका मुरूम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला होता. तो मी वाचला होता. वाचूनही जूनमध्ये चार मिनिटांत त्याला बाहेर काढलं होतं.

त्याला विचारूनच आईंना आत घेतलं. मानसोपचार करणाऱ्या मित्राला फोन लावून त्याच दुपारची वेळ घेतली. आईंना सांगितलं की त्याला एकटं सोडू नका, आणि शेतातली फवारणीची औषधं आजच कुलपात टाका. केसपेपरच्या वर मोठ्या आकड्यांत १४४१६ लिहिलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर रात्रीही लागतो. बाहेरचे पेशंट तोवर कुरकुरत होते. कुरकुरू देत.

आयसोट्रेटिनॉइन या मुरमांवरच्या औषधाचा प्रश्न अवघड होता. गाठी आणि व्रण बघता तेच औषध योग्य, पण त्याने मन खचतं असा इशारा वर्षानुवर्षं दिला जातो. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत सरसकट धोका वाढलेला दिसत नाही. तरी एकेका रुग्णावर लक्ष ठेवावंच लागतं. मी आणि मित्राने मिळून ठरवलं : आधी तीन आठवडे मनाचे उपचार, रक्त-लिव्हरच्या तपासण्या, मग कमी डोस. दर पंधरा दिवसांनी भेट.

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा रुमाल होताच. नोव्हेंबरमध्येही. आरशाचं मी विचारलं नाही.

जानेवारीत एकटाच आला. ओठ फुटलेले, गालांवर काळपट डाग, नव्या गाठी दोनच. रुमाल खिशात. बसल्या बसल्या विचारलं, “मॅडम, ग्राउंडला पहाटे पाचला जातो, तेव्हा ऊन नसतं. तरी सनस्क्रीन लावायचं का?”

“परत किती वाजता येतोस?”

“आठ.”

“मग लाव.”