गोष्टीचा उल्लेख नाही

४ जुलै, रेडिंग. रात्रीचे साडेदहा.

पायांत गोळे आलेत, पण आजचं आजच लिहायचं हे सकाळीच ठरवलं होतं. लेकीने ऑक्सफर्डच्या गाडीत बसवून दिलं, ‘आई, फोन चार्ज केलायस ना?’ असं तीनदा विचारलं, आणि दहाच्या सुमारास मी फॉली ब्रिजवर एकटी उभी. १८६२ साली याच तारखेला चार्ल्स डॉजसन इथून बोटीत बसला. तीस वर्षांचा, अविवाहित, बोलताना अडखळणारा, क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारा. बरोबर मित्र डकवर्थ आणि कॉलेजच्या डीन लिडेलच्या तीन मुली, लॉरिना, अ‍ॅलिस आणि ईडिथ. मधली दहा वर्षांची, आणि तिच्यासाठी त्याने वाटेत रचलेली गोष्ट म्हणजेच पुढचं ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’.

लुईस कॅरल हे त्याचं पुस्तकावरचं नाव मला उशिराच कळलं. लहानपणी मला भेटली होती ती जाई. भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’त अ‍ॅलिसची जाई केली आणि ती मला आमच्याच आळीतली वाटायची. मूळ पुस्तक हातात आलं बी. एड.च्या वर्षी. गणिताच्या बाई होऊ घातलेली मी, त्यामुळे जीव अडकला तो सशात नाही, मांजरात नाही, पाढ्यात. आपण आपणच आहोत ना हे बघायला अ‍ॅलिस पाढा म्हणते : चार पंचे बारा, चार सक तेरा... आणि म्हणते, अशाने मी विसापर्यंत पोचायचीच नाही! मुलं हसतात. पण दहाऐवजी अठराच्या पायावर मोजा, वीस हे १२ असेच लिहावे लागतात, एक अठरा आणि वर दोन. एकविसाच्या पायावर चोवीस म्हणजे १३. पाया दर वेळी तीनने वाढवत गेलं की चार गुणिले बारा १९ पर्यंत सुरळीत येतं आणि पुढच्याच पायरीला, बेचाळिसाच्या पायावर, चार गुणिले तेराच्या बावन्नचे २० काही होत नाहीत. पोरगी खरंच पोचत नाही! डॉजसनच्या मनात हे होतं की नाही यावर वाद आहेत. असोत. वर्गात फळ्यावर मांडलं की मागचा बाकसुद्धा गप्प व्हायचा.

नदीकाठाने गॉडस्टोपर्यंत पाचेक किलोमीटर. इथे ऑक्सफर्डात थेम्सला आयसिस म्हणतात. ते वल्हवत गेले, मी चालत. वाटेत मी सारखी बोटीतल्या जागा मनात मांडत होते. डकवर्थने नंतर सांगून ठेवलंय : तो मागच्या वल्ह्यावर, डॉजसन त्याच्या पाठीशी, आणि सुकाणूला समोर अ‍ॅलिस. म्हणजे सगळी गोष्ट डकवर्थच्या खांद्यावरून सांगितली गेली. त्याने मान वळवून विचारलं, हे तू आत्ता रचतोयस का? डॉजसन म्हणाला, हो, जसजसं पुढे जातोय तसतसं.

काकवीची विहीर बघायला बिन्सीला आडवाट केली. गोष्टीतला झोपाळू उंदीरमामा चहाच्या टेबलावर पेंगत सांगतो ना, तीन बहिणी काकवीच्या विहिरीत राहायच्या, तीच ही. सेंट मार्गारेट चर्चच्या मागे, चार पायऱ्या उतरून. जुन्या इंग्रजीत काकवीचा ‘ट्रीकल’ हा शब्द औषधालाही वापरत, आणि या पाण्याने रोग बरे होतात अशी श्रद्धा होती. थोडक्यात, लिडेल बहिणींना ठाऊक असलेली जागा त्याने विनोद म्हणून गोष्टीत घातली. गोष्टीतल्या तिघींची नावंही त्यांचीच, फिरवाफिरव करून. असं त्याचं बरंच काही घरगुती आहे. अश्रूंच्या तळ्यातून भिजून बाहेर येणारी मंडळी बघा : डकवर्थ बदक, लॉरिना पोपट, ईडिथ गरुडाचं पिल्लू, आणि डोडो तो स्वतः. त्याआधी १७ जूनला न्यूनहॅमच्या सहलीत ही सगळी खरोखरच पावसात चिंब झाली होती.

गॉडस्टोला जुन्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. पलीकडच्या काठावर पोर्ट मेडो, घोडी आणि गाई चरताहेत. भिंतीशी बसून थर्मासातला चहा काढला आणि उतरवून आणलेली डॉजसनच्या रोजनिशीतली त्या दिवसाची नोंद वाचली. कितव्यांदा वाचतेय कोण जाणे. सकाळी कुणी ओळखीचा माणूस पाहुण्या मायलेकींना घेऊन आला, त्यांचे फोटो काढले, त्यांनी अल्बम बघितला, जेवल्या, म्युझियमला गेल्या. मग आम्ही मुलींना घेऊन गॉडस्टोला. काठावर चहा. परतायला सव्वाआठ झाले. खोलीवर मुलींना सूक्ष्मचित्रं दाखवली, नऊच्या आत घरी पोचवल्या.

संपलं! गोष्टीचा उल्लेख नाही. पाहुण्या काय जेवल्या नाही, पण जेवल्या हे आहे, गोष्ट नाही. ती येते समोरच्या पानावर, १० फेब्रुवारी १८६३ ला मागाहून लिहिलेल्या ओळीत : याच वेळी मी त्यांना ती कथा सांगितली, मजकूर पुरा झाला, चित्रं मात्र अजून राहिलीत. ते हस्तलिखित, स्वतः काढलेल्या ३७ चित्रांसह, त्याने अ‍ॅलिसला दिलं नोव्हेंबर १८६४ मध्ये. ऊन होतं का, तेही त्या नोंदीत नाही. पुढे सगळे म्हणत राहिले की कडक ऊन होतं. अ‍ॅलिसला तर गंजीच्या सावलीला पळाल्याचं आठवत होतं. हवामानाच्या नोंदी धुंडाळणाऱ्यांना मात्र त्या दिवशी गारठा आणि पाऊस सापडला. मला वाटतं, ऊन त्यांनी नंतर गोष्टीतून आणलं असणार.

एक लिहायला नको वाटतं, पण लिहिते. त्याच्या रोजनिशीच्या १३ वह्यांतल्या ९ च उरल्यात, आणि उरलेल्यांतूनही पानं कापलेली आहेत. जून १८६३ च्या शेवटाचं एक पान गेलंय, त्याच सुमारास लिडेल कुटुंबाशी त्याचं फाटलं. लहान मुलींशी त्याची मैत्री, त्याने काढलेले त्यांचे फोटो, यातलं काही बघताना माझ्यातली आजी अस्वस्थ होते. पुस्तक आवडतं म्हणून ते डोळ्याआड करायला जमत नाही, आणि कापलेल्या पानावर काय होतं ते रंगवून सांगणारेही मला पटत नाहीत.

माझी आजची नोंद : थर्मासचं झाकण गॉडस्टोला विसरले. अडीचला पाऊस आला, पोर्ट मेडोवरची एकही गाय जागची हलली नाही. पाच वाजताची गाडी चुकली, नंतरच्या गाडीत उभ्याने आले. लेकीने पिठलं केलं होतं. मोजे हीटरवर टाकलेत, अजून ओले आहेत.