गुलू ते नागपूर : चौदा महिन्यांनी घरी

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १६ नोव्हेंबरच्या चौकटीत आईनं पेन्सिलीनं माझं घरातलं नाव लिहून ठेवलं होतं. तेही जूनमध्ये. बाबांनी व्हिडिओ कॉलवर ते पान उलगडून दाखवलं, तेव्हा मागे कूकरची शिट्टी वाजत होती आणि आई म्हणत होती, "दाखवता कायले तिले, रडत बसंन." त्या दिवसापासून मीही दिवस मोजू लागले. युगांडाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. माझे संध्याकाळचे सात वाजले की घरी साडेनऊ झालेले असायचे, आणि जेवणं आटोपून दोघं फोनसमोर बसलेले. पहिला प्रश्न रोजचाच : "किती राहिले?"

युगांडाच्या उत्तरेला गुलू म्हणून शहर आहे. तिथल्या एका आरोग्य केंद्रात नोंदींचं काम बघायला मी सप्टेंबर २०२४ मध्ये स्वयंसेवक म्हणून गेले. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो. रजा महिन्यामागे अडीच दिवस. चौदा महिन्यांचे पस्तीस दिवस साठले, त्यातले बरेचसे घेऊन घरी जाऊन आले. विदर्भातली आणखीही मुलंमुली अशा कामावर जात आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

आधी केव्हा जायचं ते. उन्हाळ्यात शक्यतो नको. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो, दिवसभर कूलरसमोर बसून सुट्टी संपते. दिवाळीची ओढ सगळ्यांनाच असते, पण तेव्हा विमानाचं तिकीट आपल्या भत्त्यात बसत नाही. मी मन घट्ट करून दिवाळीनंतरची तारीख घेतली. नोव्हेंबरात थंडी सुरू झालेली असते, बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात, तुरीच्या शेंगा यायला लागतात. मात्र डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत हॉटेलं भरतात, मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते अडतात. बँकेची, सरकारी कचेरीतली कामं त्याआधी उरकून घ्या.

कागदांमध्ये पासपोर्टइतकंच महत्त्वाचं म्हणजे पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड. युगांडासारख्या देशातून भारतात उतरताना ते बघतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि २०१६ च्या नियमानुसार एकच लस जन्मभर चालते. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. चौदा महिन्यांनी आलेली सुट्टी आणि त्यातले सहा दिवस असे जायचे, कल्पनाच करवत नाही. मुंबईच्या रांगेत माझ्यापुढच्या एका गृहस्थांकडे कार्डाचा फक्त मोबाइलवरचा फोटो होता, त्यांना बाजूला बसवलं. मूळ कार्ड पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा. परतीसाठी युगांडात राहण्याचा परवाना कधीपर्यंत आहे तेही निघण्याआधी तपासा.

गुलूहून राजधानी कंपाला साधारण ३३० किलोमीटर. बस करुमाला नाईल नदीच्या पुलावरून जाते, रस्त्याच्या कडेला बबून माकडं बसलेली असतात. कंपालात शिरताना वाहनांच्या गर्दीत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही आणि विमानतळ तिथून पुढे ४० किलोमीटरवर, एंटेबेला. म्हणून एक दिवस आधी कंपाला गाठा. एंटेबे-मुंबई थेट विमान २०२३ पासून आहे, मी त्यानंच आले.

एंटेबेला माझ्याकडून एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. आमच्या केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी निघायच्या आदल्या रात्री जागून शेंगदाणे आणि तीळ भाजले, कुटले आणि त्याचं दाट वाटण केलं. तिथले अचोली लोक त्याला ओडी म्हणतात, भाजीत घालतात. बरणीच्या तोंडावर फडकं, त्यावर दोऱ्याचे चार वेढे. "तुझ्या आईला दे," म्हणाल्या. जवळ राहावी म्हणून मी ती हातातल्या पिशवीत ठेवली. वाटण हे द्रवपदार्थात मोजतात, १०० मिलीलीटरच्या वर नेऊ देत नाहीत. बरणी तिथंच राहिली. दोरा सोडून मी फडकं तेवढं घेतलं आणि घरी आल्यावर आईच्या हातात तेच दिलं. लोणचं, चटणी, वाटण, तेल, जे ओलं किंवा तेलकट असेल ते मोठ्या बॅगेतच टाका. कच्चे तीळ किंवा कुठलंही बियाणं मात्र आणू नका, त्याला वनस्पती तपासणीचे वेगळे नियम आहेत. मोठ्या बॅगेतलं शियाचं लोणी, म्हणजे शिया नावाच्या झाडाच्या बियांचं घट्ट तेल, सुखरूप पोचलं. नागपूरच्या थंडीत ते खोबरेल तेलासारखं थिजतं. रात्री आईच्या भेगाळलेल्या टाचांना लावून मोजे घालून दिले, चार दिवसांत तिचं चालणं सुधारलं.

मुंबईहून नागपूरला विमानानं यावं की रेल्वेनं? सामान जास्त आणि पैसे बेताचे असतील तर रेल्वे बरी. तिकीट ६० दिवस आधी सुटतं, त्या सकाळीच काढा. आता विमानतळाच्या टर्मिनल २ पासून सीएसएमटीपर्यंत भुयारी मेट्रोनं येता येतं, टॅक्सीचा खर्च वाचतो. दुरांतो रात्री सव्वाआठला सुटते. विमानाला उशीर होऊ शकतो, म्हणून मध्ये पुरेसा वेळ धरा.

पहाटे वर्ध्याच्या पुढे जाग आली. खिडकीबाहेर धुकं आणि फुटलेला कापूस, मधे तुरीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे. बुटीबोरी गेलं, खापरी गेलं, अजनी आलं तसा डब्यातल्या सगळ्यांचा उठून उभं राहण्याचा गलका सुरू झाला. फलाटावर बाबा मफलर गुंडाळून उभे होते. "बारीक झाली," एवढंच म्हणाले आणि बॅग ओढत पुढे चालायला लागले. माझ्याकडे वळून बघेनात. घरी जाताना वाटेत थांबून तर्री पोहे खाल्ले, वर चणे आणि कच्चा कांदा. तर्री इतकी झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे रडू लपून गेलं.

घरी आईनं दिवाळीचा एक डबा तसाच ठेवला होता. झाकणाच्या फटीवर कणकेची पट्टी लावून बंद केलेला, वर पुन्हा कागद. चकल्या, अनारसे, शेव. महिना होत आला होता, तरी चकली कुरकुरीत.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायची गोष्ट. पहिले चार दिवस कुणालाही देऊ नका. मी पोचायच्या आधीच घरच्यांनी मावशीकडे, काकांकडे, बाबांच्या जुन्या साहेबांकडे, असे सगळे दिवस वाटून टाकले होते. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आईसोबत आपण अजून एकदाही निवांत बसलो नाही. मी स्पष्ट सांगितलं की आता दोन दिवस मी घरीच. आईला आधी वाईट वाटलं, मग तिनं शेंगांची टोपली पुढे ओढली आणि आम्ही दुपारभर सोले काढत बसलो. तिच्या गुडघ्याचं दुखणं, बाबांचं रात्री न झोपणं, हे सगळं तेव्हा कळलं. फोनवर चौदा महिन्यांत त्यातलं काहीच आलं नव्हतं. संध्याकाळी सोलेभात झाला.

लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, आणि तिथं भीती नाही का वाटत. चिडू नका, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. मी फोटो छापून नेले होते, त्यांचा फार उपयोग झाला. आजीला सांगितलं की युगांडातही चपातीला चपातीच म्हणतात, अंड्याची पोळी तिच्यात गुंडाळून रस्त्यावर विकतात, त्याला रोलेक्स म्हणतात. आजीचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे उपाशी नाही राहून राहिली तू."

भारतातलं सिम जिवंत ठेवा. नव्वद दिवस वापर नसेल तर कंपनी ते बंद करू शकते. माझं झालं, बँकेचा ओटीपी येईना, दोन दिवस शाखा आणि दुकान यांच्यात फेऱ्या मारण्यात गेले. सिम बाबांच्या जुन्या फोनमध्ये घालून महिन्याला एक फोन आणि वेळेवर रिचार्ज केला असता तर भागलं असतं. आणि एक, घरी असताना किंवा नंतर ताप आला तर 'हवा बदलली' म्हणून अंगावर काढू नका. युगांडातला मलेरिया वाईट असतो. डॉक्टरांना आपण कुठून आलो ते स्वतःहून सांगा, रक्त तपासून घ्या.

परतीच्या सामानात आईनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या. त्या विमानात चालत नाहीत, लवकर पेट घेतात. बाबांनी आधीच काढून घेतल्या. काळा मसाला आणि सांडगी मिरची आली.

केंद्रातल्या औषधं वाटणाऱ्या ताईनं संत्री मागितली होती. गुलूची संत्री पिकली तरी बाहेरून हिरवीच असतात, आपल्या संत्र्याचा रंग आणि सुटं साल तिनं फोटोत पाहिलं होतं. ताजं फळ नेता येत नाही म्हणून संत्रा बर्फीचा डबा नेला. तिनं गोळ्या मोजायची प्लास्टिकची पट्टी धुऊन आणली, बर्फीचे अकरा जणांना अकरा तुकडे केले, आणि बारावा कागदात गुंडाळून रात्रपाळीच्या नर्ससाठी कपाटात ठेवला.