नाईट कॉलेजात कार्नेगी शिकवताना

ठाण्यात नाईट कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवतो. पोरं दिवसभर कामाला, कोणी वागळे इस्टेटला, कोणी रबाळे-महापे एमआयडीसीत, ट्रान्स-हार्बर लोकलने धावतपळत येतात आणि अर्धी बाकावर पेंगतात, म्हणून नोट्स वाचून भागत नाही, गोष्टच सांगावी लागते.

त्या दिवशी अमेरिकेचा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी घेतला. विणकराचा पोर, लहानपणी सूतगिरणीत राबला, आणि 1901 ला आपला स्टीलचा धंदा 48 कोटी डॉलरला विकून मोकळा. मधलं सहसा कोणी सांगत नाही. 1892 ला त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात पगारावरून वाजलं तेव्हा साहेब स्कॉटलंडला, इकडे कारभार बघणाऱ्या त्याच्या फ्रिकने गेटला टाळं ठोकलं आणि पिंकर्टन या खासगी एजन्सीचे तीनशे गार्ड रातोरात नदीतून आणले. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, युनियन मोडली. मग 1898 ला तिथंच शेजारी कार्नेगीने झकास लायब्ररी बांधून दिली, स्विमिंग पूलसकट!

मागच्या बाकावरचा एक कायम डुलक्या काढणारा पोरगा म्हणाला, "सर, ड्यूटी किती तासांची होती?"

"बारा."

"मग वाचायला कोण जायचं?"

सगळे हसले, पण तिथल्या कामगारांचीही नेमकी हीच तक्रार होती. तो पुढे म्हणतो, आमच्या शेठनेपण गावच्या देवळाला सभामंडप दिलाय, आणि आम्हाला सात महिने झाले की ब्रेक. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने हक्क लागू होतात ना, त्याआधीच काढायचं, पंधरा दिवसांनी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर परत घ्यायचं. मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त गेटपास नवा.

मग काय, लेक्चर बोंबललं. कोणीतरी म्हणालं पीएफ तरी भरतात का बघा रे, आणि सगळ्यांनी मोबाईल काढून पासबुकं उघडली. एका मुलीच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला बारा टक्के कापलेले आणि पासबुकात दिवाळीनंतर एक एंट्री नाही. ती आधी म्हणे नेटचा प्रॉब्लेम असेल (बिचारी!). म्हटलं बाई, पगारातून कापून न भरणं हा सरळ गुन्हा आहे. तिथंच बसून पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाकली, अर्धा वर्ग तिच्या बाकाभोवती, टायपिंगला सतरा सल्ले.

तक्रारीचा नंबर आल्यावर ती म्हणाली उद्या सुपरवायझरला दाखवते. म्हटलं अजिबात नको, आधी सगळ्या स्लिपांचे फोटो काढून घरी कोणालातरी पाठवून ठेव. तेलसम्राट रॉकफेलर राहिलाच, तो आता पुढच्या आठवड्यात.